टाका घालण्याआधी टेबल नीट लावा

सर्जरीच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे सर्जन होण्याच्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. लॅपरोस्कोपीच्या (छोट्या छिद्रांतून, कॅमेऱ्याने पडद्यावर बघत केलेल्या ऑपरेशनच्या) हत्याराच्या कडीत अंगठा मुळापर्यंत घालून मी ते तासन्‌तास आवळून धरायचे आणि कडी नेमकी अंगठ्याच्या कडेच्या नसेवर दाबायची. कुणाला सांगितलं नाही. 'हिला झेपत नाही' असं म्हणतील, ही भीती. कडीत फक्त अंगठ्याचं पेर ठेवायचं, एवढं साधं मला फार उशिरा कळलं.

नव्याने ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं टेबलाच्या उंचीबद्दल आहे. ओपन सर्जरीत, म्हणजे मोठा छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनमध्ये, टेबल साधारण कोपराच्या उंचीला चालतं. लॅपरोस्कोपीत हत्यारं लांब आणि पोट गॅसने फुगलेलं, म्हणून ते बरंच खाली घ्यावं लागतं, जमिनीपासून साधारण 64 ते 77 सेंटिमीटरवर. आकडा विसरलात तरी चालेल. हत्याराची मूठ कोपराच्या पातळीत आणि खांदे सैल, एवढं बघा. खांदे कानांकडे चढू लागले की भूलतज्ज्ञांना टेबल खाली घ्यायला सांगा.

पण टेबल लागतं मुख्य सर्जनच्या उंचीप्रमाणे. तुम्ही बुटके असाल तर स्टूल मागा, आणि तेही उपकरणाच्या पायाने दाबायच्या पेडलसकट दोन्ही पाय मावतील एवढं रुंद. मला हे मागायचं धाडस व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर मी चवड्यांवर उभी राहून रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरायचं हत्यार) ओढत होते आणि कंबर धरली की झोपेला दोष देत होते.

मॉनिटर सरळ समोर, नजरेच्या जरा खाली हवा. ड्रेपिंगच्या, म्हणजे पेशंटवर निर्जंतुक कापडं अंथरण्याच्या, आधीच तो हलवून घ्या, नंतर कुणी हलवत नाही.

मानेचं मात्र गांभीर्याने घ्या. डोकं सुमारे 5 किलोचं असतं. मान 60 अंशांत वाकली की मणक्यावरचा भार 27 किलोच्या आसपास जातो. लूप्सची (सर्जनच्या भिंगाच्या चष्म्याची) मापं देताना खुर्चीत बसून देऊ नका, ऑपरेशनला जसे उभे राहता तसे उभे राहून द्या. भिंगं पुरेशी खाली कललेली असली की नजर खाली जाते, मान वाकवावी लागत नाही.

दर 20 ते 40 मिनिटांनी मिनिट-दीड मिनिट हात खाली न सोडता, जागेवरच खांदे आणि मान मोकळी करा. त्याने ऑपरेशन लांबत नाही, हे अभ्यासांतही दिसलं आहे.

आणि मुंग्या रात्री झोपेतून उठवू लागल्या, तर माझ्यासारखं लपवू नका. त्याच आठवड्यात ऑर्थोच्या ओपीडीत पेशंट म्हणून जा.