जुन्या इंग्रजी कागदांतले अडलेले शब्द कसे उकलावेत

नागपूरच्या महाल किंवा इतवारीतल्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी जपलेली खरेदीखते, भाडेपट्टे आणि पत्रे पुष्कळदा इंग्रजीत असतात. त्यांतला ‘मेसुएज’ हा शब्द कधी ऐकलेलाही नसतो. पण म्हणूनच आपण निमूटपणे शब्दकोश उघडतो, आणि राहते घर, त्याचे आवार व जोडीची बांधकामे हा अर्थ हाती लागतो. खरी फसगत करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द, म्हणून शोधाची सुरुवात तेथूनच करावी.

प्रथम अडलेला शब्द संपूर्ण वाक्यासह वहीत उतरवून घ्यावा आणि तो मुळात इंग्रजी आहे का, हे पाहावे. नागपूरकडच्या मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनमालकीच्या जुन्या पद्धतीच्या, कागदांत जमिनीच्या वर्णनात रोमन लिपीतला ‘सीर’ येतो आणि नवखा वाचक तो बिनदिक्कत ‘सर’ असा वाचतो. वस्तुतः ती मालगुजाराची स्वतःच्या वहिवाटीची, विशेष हक्काची जमीन असते. शेजारी ‘खुदकास्त’ (मालगुजार स्वतः कसत असलेली जमीन) दिसला तर शंकेला जागाच उरत नाही. मालगुजारी 1951 मध्ये संपली, तरी वाटणीच्या वादांत हे कागद अजून बाहेर निघतात.

शब्द इंग्रजीच असेल तर त्याचा आजचा अर्थ वाक्यात बसवून पाहावा, आणि तो विचित्र वाटल्यास जुना अर्थ शोधावा. भाडेपट्ट्यात जागा ‘डिमाइज’ केली असे लिहिलेले असते, तेव्हा कोणी वारलेले नसते. जागा पट्ट्याने दिलेली असते. भारतीय पासपोर्टावरील विनंतीतही ‘लेट’ (let) हा शब्द अडथळा या जुन्या अर्थाने आजतागायत टिकून आहे. पत्रांतील तारखांकडे विशेष लक्ष द्यावे: 5 मार्च 1931 च्या पत्रात ‘12 अल्टिमो’ असेल तर ती 12 फेब्रुवारी होय, कारण ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना, ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू आणि ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा.

‘विल अँड टेस्टामेंट’ यांसारख्या जोड्यांत मात्र फरक शोधत बसू नये. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या कायद्यात लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी शेजारी नांदू लागल्या आणि एकाच गोष्टीला दोन शब्द वापरण्याची वकिली सवय जडली, ती आपल्याकडेही जशीच्या तशी आली.

कोशाचे म्हणाल तर खिशातला कोश येथे कुचकामी ठरतो. 1884 ते 1928 या काळात खंडशः निघालेला मोठा ऑक्सफर्ड कोश वाचनालयात मिळाल्यास तोच घ्यावा. त्यात अर्थ साधारणपणे काळाच्या क्रमाने, तारखांच्या अवतरणांसह दिलेले असतात, त्यामुळे आपल्या कागदाच्या काळी कोणता अर्थ चालू होता हे ताडता येते. हक्काचा प्रश्न असल्यास मात्र दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित नक्कल घेऊन ती वकिलांना दाखवावी, कारण झेरॉक्समध्ये पुसट झालेले एक अक्षरही शब्द बदलून टाकते.