जुना, मोठ्या एचपीचा ट्रॅक्टर: सांभाळताना आणि तुलना करताना या चुका टाळा

शंभर एचपीच्या वरचा, तीस-चाळीस वर्षं जुना ट्रॅक्टर म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीचा चांगला?" बरीच वर्षं या यंत्रांच्या तेलात हात घातल्यावर मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. या इंजिनाने आजवर किती धूळ खाल्ली आणि त्याच्या रेडिएटरमध्ये काय भरलं जात होतं, हे आधी विचारायला हवं. नीट ठेवलेलं मोठं डिझेल इंजिन न उघडता आरामात दहा हजार तास काढतं. तेच इंजिन या दोन गोष्टींत हयगय झाली तर त्याच्या निम्म्यातही बसतं, बॉनेटवर नाव कुठलंही असो.

फिल्टर झटकून परत लावणं

मोठं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जोरावर चालताना मिनिटाला हजारो लिटर हवा ओढतं. त्यातून बारीक माती आत गेली की ती पिस्टन रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. बहुतेकांची सवय म्हणजे फिल्टर काढायचा, टायरवर चार वेळा आपटायचा आणि परत बसवायचा. आपटताना टोकाची पत्र्याची कड वाकते, रबर सील नीट बसत नाही आणि कागदाच्या घड्यांना केसासारख्या चिरा पडतात. बाहेरचा फिल्टर साफ करायचाच असेल तर हवेचा दाब 2 बारच्या आसपास ठेवा आणि आतून बाहेरच्या दिशेने हवा मारा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर मात्र कधीही साफ करू नका, थेट बदला.

सारखा सारखा फिल्टर उघडणं ही त्याच्या उलटी चूक. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. एअर क्लीनरवर रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर तुंबल्याचं दाखवणारी खूण) असेल तर तो सांगेल तेव्हाच हात लावा. नसेल तर बसवून घ्या, छोटीशी वस्तू आहे.

आणि फिल्टरच्या पुढचं कोणी बघत नाही. एका ट्रॅक्टरचा फिल्टर मी स्वतः नवा टाकला होता, तरी ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर वाढतच चालला. शेवटी एअर क्लीनर आणि टर्बोच्या मधला रबर पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर तांबूस मातीची ठळक रेघ उमटली. पाइपाला खालच्या बाजूने, जिथे नजर पोचत नाही तिथे, क्लिपच्या कडेलाच चीर गेली होती. पाइप आणि दोन क्लिपा वेळेत बदलल्या असत्या तर इंजिन उतरवावं लागलं नसतं. तेव्हापासून जुनं यंत्र पाहिलं की पहिलं फडकं त्या पाइपात जातं.

नुसतं पाणी भरणं

अशा इंजिनांपैकी पुष्कळांत वेट लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या बाजूला थेट पाणी खेळतं. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि लायनरच्या भिंतीवरच फुटतात. दिसायला ही क्षुल्लक गोष्ट, पण हजारो तासांत हे फुटणारे बुडबुडे लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतात. भोक आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं. यावर उपाय म्हणजे जड डिझेल इंजिनासाठीचं कूलंट. त्यातली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरून ठेवतात. नुसत्या पाण्यात तो थर नसतो, आणि प्रत्येक साध्या कूलंटमध्येही तो पुरेसा नसतो. दर वेळी पाण्याची भर घालत गेलं की मूळचं कूलंटही फिकं पडतं. कूलंट तपासायची टेस्ट स्ट्रिप (रंग बदलणारी कागदी पट्टी) बुडवून बघायला मिनिट लागत नाही, तरी ती वापरणारे फार थोडे भेटतात.

पाणी उतरतंय अशी शंका असेल तर ट्रॅक्टर रात्रभर बंद ठेवा. सकाळी सुरू न करता ऑइलचा ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे पहिले थेंब पाण्याचे आले तर निदान झालं. डिपस्टिकवरचा रंग बदलायची वाट बघू नका, तोवर बेअरिंग गेलेलं असतं.

डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढत असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा फ्युएल पंपाचं सील तपासा. "ऑइल कमी होत नाही" म्हणून खूश होणारे मी पाहिलेत. ऑइल पातळ होऊन इंजिन आतून झिजत असतं.

गरम होतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं

हे करू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. इंजिन कायम थंड राहिलं की इंधन नीट जळत नाही आणि ऑइलमध्ये गाळ साचतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासचा मार्गही बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. खरं कारण बहुधा समोरच असतं: रेडिएटर, ऑइल कूलर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत भुसा गच्च बसलेला असतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. कूलर सरकवून, पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारल्याशिवाय तो निघत नाही.

पंप वाढवणं

फ्युएल पंप वाढवला, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा लावला, की चार-आठ दिवस ट्रॅक्टर उड्या मारतो. जादा डिझेलबरोबर एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि क्लच, गिअर बॉक्स, मागचा एक्सल मात्र मूळच्याच ताकदीसाठी बनलेले असतात. जुन्या यंत्राकडून जास्त काम हवं असेल तर आधी नोझल (डिझेल फवारणारं तोंड), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि डिझेल फिल्टर तपासा. हरवलेली ताकद पुष्कळदा तिथेच सापडते. जोराच्या कामानंतर तीन-चार मिनिटं स्लो ठेवून मगच इंजिन बंद करा, टर्बोच्या बेअरिंगला तेवढा वेळ लागतो.

मागचं तेल "कुठलंही चालतं" समजणं

अशा ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, हायड्रोलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचं तेल बहुधा एकच असतं. चुकीचं तेल पडलं की ब्रेक दाबताना घरघर येते आणि पीटीओचा (जोडलेली अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) क्लच घसरायला लागतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आहे. फेस येत असेल तर पंपाच्या ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा धरतेय. आणि जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघडा, कागद उन्हात धरा. सोनेरी चकाकी पितळी बुशची असते, चुंबकाला चिकटणारा चुरा गिअर-बेअरिंगचा. गिअर बॉक्सची खबर इतक्या स्वस्तात दुसरं काहीच देत नाही.

फोर व्हील असेल तर आणखी एक: पुढचे टायर मिळतील त्या मापाचे बसवू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण 1 ते 5 टक्के पुढे ओढणारी हवीत. हे गणित बिघडलं की पुढचा एक्सल आणि शाफ्ट सतत पीळ खात राहतात आणि नवे टायर विनाकारण झिजतात.

एचपीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं

एका जाहिरातीत इंजिन एचपी, दुसरीत पीटीओ एचपी. पीटीओवर मिळणारी ताकद इंजिनापेक्षा साधारण 10 ते 15 टक्के कमी असते, म्हणून दोन्ही आकडे एकाच जागचे आहेत का ते आधी बघा. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने 1919 साली कायदाच केला आणि 1920 पासून तिथल्या विद्यापीठात ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. तिथे चाचणी झालेल्या जुन्या मॉडेलच्या अहवालात ताकद आणि डिझेलचा खप मोजलेला मिळतो. ऐकीव गोष्टींपेक्षा तो अहवाल कितीतरी भरवशाचा.

पण अहवाल नव्या ट्रॅक्टरचा असतो, तुमच्यासमोर उभा आहे तो जुना. जॉन डिअर 4440 आणि इंटरनॅशनल 1086 घ्या. दोन्ही 1970 च्या दशकातले, दोन्ही पीटीओवर 130 एचपीच्या आसपास, एकाचं इंजिन 7.6 लिटरचं, दुसऱ्याचं 6.8 लिटरचं, दोन्हीला टर्बो आणि वेट लायनर. इंजिनांवरून भांडण्यात अर्थ नाही. 1086 बघताना मी टॉर्क अॅम्प्लिफायर (क्लच न दाबता वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर) चालत्या ओझ्याखाली टाकून बघेन, कारण तो बांधायचा तर ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. 4440 ला हायड्रोलिक तेल तापल्यावर लिफ्ट सुस्तावते का ते बघेन, कारण त्याची क्लोज्ड सेंटर व्यवस्था (तेलाचा दाब कायम तयार ठेवणारी हायड्रोलिक) आतल्या गळतीने पंपाला सतत राबवते. प्रत्येक मॉडेलची दुखरी जागा वेगळी असते. ती ठाऊक नसताना केलेली तुलना कंपनीच्या रंगाचीच होते.

तासांच्या मीटरवर विसंबू नका. क्लचच्या पेडलचं रबर, सीटखालची झीज आणि ड्रॉबारचं (ट्रॉली-अवजार ओढायच्या मागच्या पट्टीचं) लांबट झालेलं भोक बघा. मीटर 4,000 दाखवत असेल आणि भोक अंडाकृती असेल, तर भोकावर विश्वास ठेवा.

आणि बघायला जाताना आधी कळवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोलण्याआधी ब्लॉकला हात लावा. थंड असेल तरच सेल्फ मारा, धूर, आवाज आणि ऑइलचा दाब बघा, मग अर्धा तास जोरात ओढायला लावून गरम इंजिनावर स्लोला तो दाब पुन्हा बघा. ब्लॉक आधीच गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.