केळीच्या बागेतही ऊन लागतं: उन्हाळी कामातल्या या चुका टाळा

पेपरात ‘जळगाव ४४ अंश’ छापून येतं तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. उघड्या रानात सऱ्या पाडणाऱ्याच्या अंगावर वरून ऊन आणि खालून तापलेली माती, असा दुहेरी मारा होतो. त्यामुळे ‘काल ४४ होतं, आज ४२ आहे, चला’ हा हिशेब धरू नका.

रावेर-यावलच्या पट्ट्यात ऐन मे-जूनमध्ये केळीची कापणी जोरात असते. बागेत सावली आहे, म्हणजे धोका नाही, असं टोळीतले जुने लोकही धरून चालतात. पण दाट पानांखाली वारा नसतो आणि ओल्या जमिनीमुळे हवा दमट असते. घाम वाळला तरच अंग थंड होतं; बागेत तो नुसता गळत राहतो. त्यात खांद्यावर वीस-पंचवीस किलोचा घड. राबणारं शरीर स्वतःच उष्णता तयार करतं आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. घड रस्त्यापर्यंत आणला की बागेबाहेर मोकळ्या हवेतल्या झाडाखाली टेका. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर पारा उतरतो, पण हवा दमट होते. तेव्हाही गाफील राहू नका.

दुसरी चूक मालकाची आणि मुकादमाची. आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. त्यामुळे नवा गडी कामाला लागतो तोच ऐन उन्हात. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम द्या आणि रोज थोडं वाढवा. सणाला आठवडाभर घरी राहून आलेल्या जुन्या मजुराचीही सवय मोडलेली असते. उक्त्या कामात तर कोणी आपणहून थांबतच नाही, कारण गाडी भरायची असते. तिथे विश्रांतीची वेळ मुकादमानेच ठरवावी.

तहान लागायची वाट पाहू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. दुपारी भाकरीसोबत मीठ घातलेलं ताक उत्तम. ओआरएस घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचा चमचा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा; काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. कांदा जेवणात खा. खिशातल्या कांद्याने अंगाचा ताप उतरत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक होते ती माणूस ढासळू लागल्यावर. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की तो उष्माघात समजा. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हे खोटं आहे. राबत्या माणसाला घाम येत असतानाही तो होतो. तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, कुशीवर वळवा. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी लगेच सावलीत नेऊन, कपडे सैल करून, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत वारा घालावा. मान, काखा, जांघा इथे बर्फ ठेवा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही हे चालू ठेवा.

मोटर चालू करून लगेच पाइप अंगावर धरू नका. उन्हातल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं, ते वाहून जाऊ द्या. आणि लाइट नेमकी तेव्हाच गेलेली असते, म्हणून सावलीत एक ड्रम भरून ठेवा.

बरा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘आता ठीक आहे’ म्हणत टोळीत येतो. त्याला परत पाठवा. डॉक्टरांनी सांगेपर्यंत उन्हातलं काम नाही.