सोलर लावलं, तरी इंजिनची बॅटरी उपाशीच

मोटरहोम तीन आठवडे उभी होती. सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. मीटर लावला: आतली बॅटरी (राहण्याच्या भागाची, सोलर हिलाच जोडलेलं) १३.६ व्होल्ट, इंजिनची ११.९. वर पॅनल ऊन खातंय आणि ही उपाशी!

दोष दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेचा, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा. तो इग्निशनवर चालणारा. किल्ली बंद, की सोलरचा करंट पलीकडे जाणारच नाही. त्याजागी दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ओळखणारा रिले टाकला. १३.३ च्या वर जोडतो, १२.८ च्या खाली तोडतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ एकेक फ्यूज (आधी आळसाने एकच घातला होता). सोलरच्या कंट्रोलरला (पॅनलकडून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणारा डबा) आधी बॅटरी जोडली, मग पॅनल.

माझ्या दोन्ही लेड-ॲसिड आहेत. लिथियमला हा रिले नको. ती बसल्या बसल्याच १३.३ दाखवते, म्हणजे रिले तोडणारच नाही.

ऊन चढलं, रिले 'टिक' वाजला, इंजिनच्या बॅटरीचा आकडा हलला.