पिकअपच्या गिअरबॉक्सचे कंट्रोल मॉड्यूल बदलताना: सांगलीतील एका मेकॅनिकचा अनुभव

सांगलीत द्राक्षे, हळद, बेदाणा आणि भाजीपाला वाहणाऱ्या बहुतेक पिकअप क्लच दाबून गिअर टाकण्याच्या आहेत. त्यामुळे आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी माधवनगर रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये लागलो, तेव्हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम कधी माझ्या वाट्याला येईल असे वाटले नव्हते. पुढे बागायतदार आणि व्यापारी डबल कॅब पिकअप घेऊ लागले, त्यांत ऑटोमॅटिक गाड्याही आल्या आणि त्यांच्यासोबत गिअरबॉक्सचे कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, आमच्या टेबलावर आले. या कामात नव्याने येणाऱ्या मुलांनी माझी पहिली चूक पुन्हा करू नये, म्हणून हे लिहीत आहे.

ती चूक एका फेब्रुवारीत, द्राक्षांच्या ऐन हंगामात झाली. तासगावकडचे एक बागायतदार गाडी हळूहळू चालवत घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, गाडी तिसरा गिअर सोडंना झालीया." स्कॅनर लावला, तर इंजिनच्या मॉड्यूलमध्ये पी०७०० आणि यू०१०१ असे बिघाडाचे दोन कोड होते आणि टीसीएमशी स्कॅनरचे बोलणेच होत नव्हते. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटला, हे मी पाठ केले होते. संपर्क तुटला म्हणजे मॉड्यूल गेले, असा सरळ हिशोब मी मांडला आणि नवे मॉड्यूल मागवले. ते बसवल्यावरही गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये राहिली आणि कोडही तेच आले.

संध्याकाळी आमच्या वस्तादांनी काही न बोलता मॉड्यूलचा कप्लर, म्हणजे तारांचा जोड, काढला, रबरी सील मागे सारले आणि टॉर्चच्या उजेडात मला आत पाहायला सांगितले. एका पिनवर पितळेच्या जुन्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक चढला होता आणि ती पिन नेमकी अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीची होती. गाडी आठ दिवसांपूर्वी प्रेशरच्या पाण्याने बॉनेट उघडून धुतलेली होती. पिन बदलली, सील बदलले, जुनेच मॉड्यूल परत लावले आणि गाडी सुरळीत चालू लागली. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता. इलेक्ट्रिकल भाग एकदा विकला की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे त्या नव्या मॉड्यूलची किंमत पुढचे कित्येक महिने माझ्या पगारातून थोडी थोडी वळती होत राहिली.

मॉड्यूलचे काम नीट समजून घेतले असते, तर हे टळले असते. गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग सांगणारे सेन्सर, तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि गिअरचा दांडा कोठे आहे हे सांगणारा स्विच यांची माहिती टीसीएम घेते. अॅक्सिलरेटर किती दाबला आहे आणि इंजिनावर किती भार आहे, हे ते इंजिनच्या मॉड्यूलकडून कॅन या दोन तारांच्या जाळ्यावरून विचारते. आणि त्यावरून सोलेनॉइडना, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेच्या झडपांना, किती करंट द्यायचा हे ठरवून तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवते. मॉड्यूलचा पुरवठा तुटला किंवा त्याचा स्वतःच्या माहितीवरचा विश्वास उडाला, की सोलेनॉइड सुटतात आणि गिअरबॉक्स कंपनीने ठरवून ठेवलेल्या एखाद्या गिअरमध्ये थांबतो. गाडी घरापर्यंत पोहोचावी, म्हणून केलेली ही सोय आहे. तिसऱ्यात अडकलेली गाडी मॉड्यूलला काय झाले आहे हे सांगत नाही, आणि यू०१०१ हा कोडही इतरांना टीसीएमचा आवाज येत नाही, एवढेच सांगतो. आवाज का येत नाही, हे मीटरने शोधावे लागते.

म्हणून कप्लरला हात लावण्याआधी वायरिंगचा नकाशा समोर हवा. तो इंग्रजीत असतो, म्हणून टाळाटाळ करणारी मुले मी पाहिली आहेत. पण त्यातले वीस-पंचवीस शब्द आणि खुणा कळल्या की तो वाचता येतो, आणि तो वाचता न येणारा माणूस या कामात फार पुढे जात नाही. नकाशावरून टीसीएमचे फ्यूज, कायम पुरवठ्याची तार, चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा आणि अर्थ शोधून काढावेत. पुरवठा तपासताना केवळ मल्टीमीटरवर भरवसा ठेवू नये. तारेतील बारीक तंतूंपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्या तारेवर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला, तर साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढला जातो आणि कमकुवत तार लगेच उघडी पडते: बल्ब मिणमिणतो किंवा पेटतच नाही. बल्बचे दुसरे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून अर्थचीही अशीच परीक्षा घ्यावी आणि बल्ब पेटलेला असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि मॉड्यूलची अर्थची तार यांमधला व्होल्टेज मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर मी पुढे जात नाही, आधी अर्थ दुरुस्त करतो. ही बल्बची युक्ती फक्त पुरवठ्याच्या आणि अर्थच्या तारांसाठी आहे. सेन्सरच्या किंवा कॅनच्या तारेला बल्ब लावणे म्हणजे चांगले मॉड्यूल हाताने जाळणे होय.

कॅनची तपासणी त्याहून सोपी आहे. बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबायचे आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावतो त्या सॉकेटच्या, ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो आणि ते समांतर असल्याने मीटरवर सुमारे ६० यायला हवेत. १२० आले, तर कोठेतरी तार तुटलेली आहे किंवा एका टोकाचा रोध जाळ्यातून सुटला आहे. शून्याजवळ आले, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि जाळे यांच्यामध्ये गेटवे नावाचे वेगळे मॉड्यूल असते. तेथे हे माप थेट टीसीएमच्या कप्लरवर घ्यावे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. कृष्णेचे पाणी ओसरल्यावर लोकांनी गाड्या धुऊन उन्हात वाळवल्या, त्यांतल्या काही सुरूही झाल्या आणि दिवाळीच्या सुमारास एकेक करून बंद पडू लागल्या. कप्लर वरून कोरडा दिसला तरी पाणी तारेच्या इन्सुलेशनच्या आतून, तंतूंच्या फटींतून वर चढलेले असते. त्यामुळे पुरात राहिलेल्या गाडीचा कप्लर स्वच्छ दिसला, तरी तारेचे टोक सोलून आतले तांबे काळे पडले आहे का, हे मी आजही पाहतो.

एवढे सगळे बरोबर असूनही मॉड्यूल गप्प राहिले, तर मगच ते बदलायचे. माझ्या हातून खऱ्या अर्थाने निकामी मॉड्यूल बदलले गेले, ते एका बेदाणा व्यापाऱ्यांच्या पिकअपचे. त्यांनी मागच्या हौद्यावर क्रेट ठेवण्यासाठी लोखंडी सांगाडा बसवून घेतला होता आणि वेल्डिंग करणाऱ्याने बॅटरीच्या तारा काढल्या नव्हत्या. पुरवठा, अर्थ, कॅन सगळे जागेवर होते. मॉड्यूल उघडल्यावर आतल्या सर्किटच्या पाटीवर वेल्डिंगच्या करंटने जळाल्याचा डाग दिसला.

नवे मॉड्यूल मागवताना गाडीचा चेसिस नंबर आणि जुन्या मॉड्यूलवरचा पार्ट नंबर, शेवटच्या अक्षरासह, जुळवावा. भंगारातले मॉड्यूल स्वस्त मिळते, पण त्यात आधीच्या गाडीचा चेसिस नंबर आणि तिच्या गिअरबॉक्सच्या सवयी भरलेल्या असतात आणि पुष्कळदा त्या पुसता येत नाहीत. मी ते घेत नाही. जुने मॉड्यूल थोडेफार बोलत असेल, तर त्यातली सेटिंग आधी उतरवून ठेवावीत. काही गिअरबॉक्सवर सोलेनॉइडच्या मापांचा लांबलचक कोड चिकटवलेला असतो आणि नव्या मॉड्यूलला तो द्यावा लागतो. मॉड्यूल कोठे आहे, यावर कामाचा आवाका ठरतो. डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटखाली असेल, तर दोन-चार बोल्टचे काम. गिअरबॉक्सच्या आत तेलात असेल, तर तेल काढून खालचे पॅन उतरवावे लागते आणि ते काम नवख्याने एकट्याने करू नये. बसवताना चावी बंद करून आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि पिनांना बोट लावू नये; नव्या मॉड्यूलचा खोका उघडण्यापूर्वी मी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवतो.

खरी कसोटी प्रोग्रॅमिंगची असते. कोऱ्या मॉड्यूलला आपण कोणत्या गाडीत आहोत हे माहीत नसते. कंपनीचे सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप गाडीला जोडणारे पास-थ्रू यंत्र आपल्याकडे नसेल, तर गाडी टो करून अधिकृत सेवा केंद्रात नेणे आणि तेथे कोडिंग करून घेणे यात कमीपणा नाही. आपल्याकडे करायचे असेल, तर बॅटरीला प्रोग्रॅमिंगसाठीचा स्थिर पुरवठा जोडावा; साध्या चार्जरचा व्होल्टेज खालीवर होत राहतो आणि मध्येच पुरवठा डळमळला, तर नवे मॉड्यूल अर्धवट भरलेले राहते. आमच्या भागात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसल्याने मी तो पुरवठा आणि लॅपटॉप, दोन्ही इन्व्हर्टरवर घेतो, एसी, पंखा व दिवे बंद करतो आणि काम होईपर्यंत कोणालाही गाडीचे दार उघडू देत नाही.

यानंतर कोड पुसून, तेल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आणून, सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून पातळी पाहावी लागते. तेल गार असताना पाहिलेली पातळी फसवते. मग नवे मॉड्यूल त्या गिअरबॉक्सच्या सवयी शिकावे म्हणून स्कॅनरमधून शिकवणी सुरू करून गाडी रस्त्यावर न्यावी. बेदाणा व्यापाऱ्यांची ती पिकअप मी सकाळी लवकर मिरज रस्त्यावर नेली, अॅक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवून सगळे गिअर चढू दिले, मग पाय काढून गाडी आपोआप मंदावू दिली आणि हे अनेकदा केले. दुसऱ्याहून तिसऱ्याला जाताना सुरुवातीला बसणारा झटका सातव्या-आठव्या फेरीपर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. परत आल्यावर सगळ्या मॉड्यूलांचे कोड पुन्हा वाचले, एकही नव्हता.

गाडी देताना व्यापाऱ्यांना सांगितले, की दोन-चार दिवस गिअर थोडे जड पडल्यासारखे वाटतील, कारण मॉड्यूल अजून त्यांच्या पायाची सवय शिकत आहे. सांगाड्याचे काम अजून अर्धे बाकी आहे, असे त्यांनी जाता जाता सांगितले, तेव्हा मी बिल परत मागून घेतले आणि त्याच्या मागे ठळक अक्षरांत लिहून दिले: वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात.