शेड्यूल हळूहळू कमी होतंय हे वेळेत कसं ओळखायचं

भोसरी, पिंपरी, चाकण भागात जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट बनवून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी हे लिहितोय, पण क्लास, पतसंस्था, दुकान चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ज्या बदलाला तारीख असते त्याची तयारी आपण करतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) येणार हे 2016 लाच जाहीर झालं होतं, सगळे कामाला लागले. पण इलेक्ट्रिक गाड्या आल्या म्हणून पेट्रोल गाडीचे पार्ट काही एका दिवसात बंद होत नाहीत, दर तिमाहीला शेड्यूल (किती नग हवेत याची कंपनीची ऑर्डर) थोडं थोडं खाली येतं आणि आपण म्हणत राहतो की पितृपक्ष आहे, पाऊस आहे, मार्केट डाऊन आहे, दिवाळीला उचलेल.

म्हणून पहिलं काम, या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी लावून बघणं सोडा. प्रत्येक पार्टची मागच्या बारा महिन्यांची बेरीज काढा आणि दर महिन्याला नवीन महिना त्यात घालून सगळ्यात जुना काढून टाका. बारा महिन्यांत दिवाळी आणि पावसाळा साधारण एकदाच येतात त्यामुळे सीझनचा गोंधळ राहत नाही (अधिक महिन्याच्या वर्षी थोडं इकडेतिकडे होतं, तेवढं लक्षात ठेवा). समजा एका बुशची बेरीज मार्चअखेर 2,40,000 नग होती, जूनला 2,34,000, सप्टेंबरला 2,27,000 आणि डिसेंबरला 2,19,000. मधल्या एखाद्या महिन्यात ओव्हरटाइमही झाला असेल, त्यामुळे फ्लोअरवर कोणालाच काम घटल्यासारखं वाटत नाही, पण नऊ महिन्यांत जवळपास नऊ टक्के गेले ना. आणि प्लीज रुपयांत मोजू नका, नगांत मोजा, कारण स्टीलचा भाव चढला की टर्नओव्हर फुगतो आणि कमी झालेले नग त्याखाली झाकले जातात. एक्सेल जमत नसेल तर वहीत करा.

आता ही बेरीजसुद्धा झालेलंच सांगते. पुढचं बघायचं असेल तर कोटेशनसाठी येणाऱ्या ड्रॉइंगचं वेगळं रजिस्टर ठेवा. कोटेशन, सॅम्पल, अप्रूव्हल, मग रेग्युलर प्रॉडक्शन यात सहज वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणजे आज टेबलावर आलेलं ड्रॉइंग हे वर्ष-दीड वर्षानंतरचं काम असतं आणि ड्रॉइंग यायची थांबली असतील तर शेड्यूल कितीही भरलेलं दिसलं तरी काळजी करायची वेळ झालेली असते. रजिस्टरमध्ये तारीख, कस्टमर, ऑर्डर मिळाली की नाही हे तर लिहाच, पण पार्ट नेमका कशात बसतो हे विचारून लिहा. हे बरेच जण विचारतच नाहीत! इलेक्ट्रिक स्कूटरला पिस्टन, व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, सायलेन्सर लागत नाही, पण ब्रेक, सस्पेन्शन, चासिस लागतंच, मोटरला शाफ्ट आणि हाउसिंग लागतं. तुमच्या सगळ्या पार्टची एकदा यादी करा, राहणारे, जाणारे, आणि नक्की सांगता येत नाही असे, आणि प्रत्येक गटावर किती टक्के धंदा उभा आहे ते बघा.

टेम्पोच्या ड्रायव्हरशी आणि स्टोअरवाल्याशी बोला. कंपनीच्या गेटवर दुसऱ्या कोणाचा माल उतरतोय, आपल्या बिन्स (माल भरलेले क्रेट) किती दिवस तशाच पडून आहेत हे त्यांना आधी दिसतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

ओळखलं तरी करायचं काय, तर बजाजकडे बघा. 1972 पासूनच्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, पण 1980च्या दशकातच त्यांनी कावासाकीबरोबर मोटरसायकल सुरू केलेली होती, स्कूटर जोरात खपत असतानाच. पुढे गिऱ्हाईक स्कूटरवरून मोटरसायकलकडे सरकलं तेव्हा 2001 ला पल्सर आणता आली ती आधीचा अनुभव गाठीशी होता म्हणून, असं माझं मत. आणि दुसरी बाजूही आहे, 2009 च्या सुमारास त्यांनी स्कूटर बंद केली आणि नंतरच्या वर्षांत बिनगिअरची स्कूटर घरोघरी पोचली. ते मार्केट होंडा आणि इतरांनी घेतलं, चेतक परत आली ती 2020 ला, इलेक्ट्रिक होऊन. म्हणजे जे कमी झालं ते कायमचं गेलं असंही लगेच धरायचं नाही, कोण घेतंय आणि का घेतंय हे बघत राहावं लागतं.

छोट्या युनिटला एवढी ताकद नसते हे मान्य आहे. पण एक मशीन आणि एक चांगला सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) आठवड्यातून ठरावीक दिवस नवीन सॅम्पलसाठी मोकळा ठेवता येतो. शेड्यूल लागलं की तोच दिवस आधी खाल्ला जातो, तेवढं होऊ देऊ नका. आणि हे जुनं काम पैसे देतंय तोवरच करा, कारण धंदा बसल्यावर बँक लोन देत नाही आणि चांगला सेटर तोपर्यंत शेजारच्या गाळ्यात गेलेला असतो.

शेवटचं, रेषा आधीच ठरवा. बारा महिन्यांची बेरीज दहा टक्क्यांनी उतरली की त्या पार्टसाठी नवीन मशीन घ्यायचं नाही, वीस टक्क्यांनी उतरली की त्या लाइनवरची माणसं दुसऱ्या कामावर शिकायला पाठवायची. आकडे तुमच्या धंद्याप्रमाणे घ्या, पण कागदावर लिहा, पार्टनर असेल तर त्याचीही सही घ्या, कारण वेळ आली की प्रत्येकाला अजून एक तिमाही थांबून बघावंसं वाटतं. या मार्चच्या क्लोजिंगला सीएकडे कागद देताना पहिली बेरीज काढून टाका, आकडे तेव्हा हाताशी असतातच.