बार्बेक्यू पहिल्यांदाच करताय? आधी निखारे, मग चिकन

थंडी पडली की गच्चीवर बार्बेक्यूचा बेत ठरतो आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच पद्धतीने फसतो. तंगडी बाहेरून काळीठिक्कर, हाडापाशी लालसर कच्ची. मग सगळे मसाल्याला नावं ठेवतात. मसाल्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. जाळ उठलेला असतानाच सळया चढवलेल्या असतात आणि कोळसा जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला असतो. या दोन गोष्टी सांभाळल्यात तर निम्मं काम झालं. इथे फक्त कोळशावरच्या बार्बेक्यूबद्दल लिहितोय.

जागा

उघडी हवीच. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, पण तो जीव घेतो. बंद बाल्कनी, तंबू, पार्किंगचा कोपरा यांपैकी कुठेही शेगडी पेटवू नका. पाऊस आला म्हणून धुमसती शेगडी घरात आणू नका, आणि रात्री ऊब म्हणून खोलीत तर मुळीच ठेवू नका. गच्चीवर असाल तर पाण्याचे प्लास्टिकचे पाइप, वाळत घातलेले कपडे आणि ताडपत्री यांच्यापासून लांब बसा. पाण्याची किंवा वाळूची एक बादली हाताशी असू द्या. सोसायटीची परवानगी आधीच काढा. धूर शेजारच्या इमारतीत गेल्यावर मागितलेली परवानगी मिळत नाही.

सामान

महागडं ग्रिल नको. बघायचं ते एवढंच: तळाला हवेची भोकं, जाळी आणि कोळसा यांच्यात साधारण १० सेंटिमीटर अंतर, आणि जमलं तर झाकण. झाकणाचं महत्त्व शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफनला नेमकं कळलं होतं. तो वेबर ब्रदर्सच्या पत्र्याच्या कारखान्यात होता आणि तिथे बोयांसाठी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपांसाठी, धातूचे अर्धगोल बनत. १९५२ मध्ये त्याने तसलाच अर्धगोल तळाला आणि दुसरा झाकणाला वापरून ग्रिल केलं. वाऱ्यापासून आडोसा मिळाला, आत उष्णता फिरायला लागली आणि भोकं उघडझाप करून आच कमीजास्त करता येऊ लागली. तुमच्या ग्रिलला झाकण नसेल तर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं जाळीवर पालथं घाला. दिसायला गावठी, पण काम होतं.

सळया चपट्या घ्या. गोल सळई उलटवली की सळई फिरते आणि तुकडा जागच्या जागी राहतो, म्हणजे तीच बाजू पुन्हा विस्तवाकडे. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. लांब चिमटे दोन हवेत, एक कच्च्याला आणि एक शिजलेल्याला. ताटांचंही तसंच. ज्या ताटात कच्चं चिकन होतं त्यातच भाजलेलं काढून वाढणं ही पोट बिघडवण्याची हमखास युक्ती आहे.

कोळसा आणि पेटवण

लाकडी कोळसा घ्या. वखारीत मिळतो, नाहीतर इस्त्रीवाल्याला विचारा, तो कुठून आणतो ते सांगेल. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. कोरडा कोळसा खणखण वाजतो, ओल धरलेला बद्द वाजतो. ओला असेल तर एक दिवस कडक ऊन दाखवा. आत तपकिरी लाकूड दिसणारे तुकडे बाजूला काढा, ते नुसता धूर करतात. पोत्याच्या तळाचा चुराही नको, त्याने हवा कोंडते. सहा जणांच्या बेताला दोनेक किलो पुरतो. ब्रिकेट, म्हणजे कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या, एकसारखे आणि जास्त वेळ जळतात, पण पेटायलाही वेळ घेतात.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल, थिनर काहीही वापरू नका. एक तर वास अन्नाला लागतो, आणि पेटत्या कोळशावर ओतलं तर भडका थेट हाताशी येतो. त्याऐवजी तेलाचा पाच लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा स्वच्छ धुऊन वरचं झाकण कापून काढा आणि तळाला व बुडाजवळ चौफेर भोकं पाडा. डबा दोन विटांवर ठेवून कोळशाने भरा. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, त्यांवर चमचाभर खाद्यतेल आणि दोन-तीन कापराच्या वड्या. काडी लावली की हवा खालून वर ओढली जाते आणि कोळसा आपोआप धरतो. कोळसा पेटवायची तयार मिळणारी चिमणी, म्हणजे पत्र्याचं नळकांडं, हेच करते.

आता थांबायचं. वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीला पांढरा दाट धूर येईल, मग जाळ, मग जाळ बसेल आणि तुकड्यांवर करडी-पांढरी राख धरेल, आतून लाल. हाच स्वयंपाकाचा विस्तव. पाहुणे भुकेले असतात, कोणीतरी 'झालं की आता, चढव' म्हणतं. त्याच्या हातात काकडी द्या.

अर्धी जाळी रिकामी

निखारे शेगडीत ओतताना सगळे एका बाजूला सारा. दुसरी बाजू रिकामी. माझ्या मते नवख्याने शिकावी अशी ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळं सावकाश येतं. निखाऱ्यांवर रंग आणायचा आणि रिकाम्या बाजूला झाकणाखाली आतपर्यंत शिजवायचं. चरबी गळून जाळ उठला तर तुकडा इकडून तिकडे सरकवायचा. पाणी शिंपडू नका, वाफेबरोबर राख उडून अन्नावर बसते.

आच मोजायला हात पुरतो. जाळीच्या वर साधारण वीतभर उंचीवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर कडक आच, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, आठ-दहा टिकला तर मंद. कमी वाटली तर खालची भोकं पूर्ण उघडा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला.

मसाला

एक किलो तंगड्यांना हाडापर्यंत जातील अशा दोन-तीन चिरा द्या. १५ ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे आलं-लसूण, अर्ध्या लिंबाचा रस, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवा. मग पाऊण वाटी चक्का, दोन चमचे तेल आणि गरम मसाला. पातळ दही नको, ते गळून विस्तवावर पडतं आणि तुकडा ओला राहतो. ओला पृष्ठभाग आधी उकडतो आणि मगच भाजतो. फ्रीजमध्ये चार-सहा तास मुरलं की पुरे. गूळ, मध, टोमॅटो सॉस असलं गोड काही लावायचं असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत, आधी लावलं की जळून कडू होतं. वरून लावायला मसाला हवा असेल तर कच्च्या चिकनला लागण्याआधीच एका वाटीत वेगळा काढून ठेवा.

पहिल्याच खेपेला मटणाच्या वाटेला जाऊ नका.

भाजणं

जाळी तापवा, तारेच्या ब्रशने घासा, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवर फिरवा. आधी भाज्या आणि पनीर, म्हणजे शाकाहारी मंडळींना कोरी जाळी मिळते. पनीरचे मोठे चौकोन करा आणि कडक आचेवर प्रत्येक बाजू मिनिट-दीड मिनिट. जास्त ठेवलं की रबर. कांदा, सिमला मिरची आणि चिकन एकाच सळईत ओवलेलं फोटोत छान दिसतं, पण मिरची करपते तेव्हा चिकन कच्चं असतं. प्रत्येकाची सळई वेगळी ठेवा. कणीस मध्यम आचेवर फिरवत भाजा, लिंबू, मीठ, तिखट.

तंगड्या कडक बाजूला ठेवल्या की लगेच ओढायला जाऊ नका. चिकटलेला तुकडा अजून तयार नसतो, भाजला की तो स्वतःच सुटतो. दोन्हीकडून रंग यायला सहा-आठ मिनिटं, मग रिकाम्या बाजूला झाकून पंचवीस ते तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. हाडालगत सुरी घातल्यावर पाणी स्वच्छ यायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जास्त बरं: जाड भागात, हाडाला न लावता, किमान ७४ अंश सेल्सिअस. मग पाच मिनिटं ताटात तसंच राहू द्या, लगेच कापलं की रस ताटात जातो. बिनहाडाच्या तुकड्यांना दहा-बारा मिनिटं पुरतात.

मासळीत बांगडा नवख्याला सोपा. अंगचं तेल असल्याने कोरडा पडत नाही. तिरक्या चिरा देऊन मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं, त्याहून जास्त ठेवला तर आंबटाने मांस भुसभुशीत होतं. सुरमईच्या तुकड्या दोन सेंटिमीटर जाडीच्या मागून घ्या, पातळ तुकडी उलटताना मोडतेच. दुहेरी, मिटणारी जाळी वापरली तर मासा न उचलता सबंध जाळीच उलटता येते. सुरमईला एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने तीन मिनिटं.

सगळं उरकल्यावर जो विस्तव राहतो तो वाया घालवू नका. सालीसकट रताळी निखाऱ्यांच्या कडेला पुरा, वर थोडी राख ओढा. मधूनमधून फिरवत पाऊण तासात मऊ होतात. संकष्टी धरणारा एखादा असतोच, त्यालाही उपाशी बसावं लागत नाही. भरिताचं वांगंही याच आचेवर.

आवराआवर

राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. रात्रीच राख प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली तर डबा वितळतो किंवा पेटतो. झाकण आणि भोकं बंद करून शेगडी रात्रभर उघड्यावरच ठेवा. झाकण नसेल तर चिमट्याने निखारे लोखंडी घमेल्यात काढून पाणी ओता, तोंड लांब ठेवून, कारण वाफ जोरात येते. अर्धवट जळालेले तुकडे वाळवून पुढच्या वेळी पेटवणीला घ्या. लाकडी कोळशाची थंड राख मूठभर कुंडीत चालते, ब्रिकेटची नको. जाळी कोमट असतानाच घासून तेलाचा हात लावून ठेवा, नाहीतर पावसाळ्यानंतर गंज काढत बसावं लागेल.